मिंधी सभा





भीष्मपर्वाच्या आरंभी एक प्रसंग आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी आहेत, शंख फुंकून झाले आहेत, आणि एवढ्यात धर्मराज कवच उतरवतो, शस्त्रे खाली ठेवतो आणि हात जोडून पायीच शत्रूच्या सैन्याकडे चालू लागतो. भाऊ घाबरले. दादांना झाले तरी काय? कौरवांकडचे शिपाई हसू लागले की, धर्मराज भ्याला, शरण आला. परंतु धर्मराज सरळ पितामह भीष्मांपाशी गेला, त्यांचे पाय धरले आणि युद्धाची अनुज्ञा मागितली. पितामह संतुष्ट झाले. जय मिळेल असा आशीर्वादही दिला. पण लढणार कोणाकडून? तर दुर्योधनाकडून. आणि त्याचे कारण त्यांनी स्वतःच सांगितले. कौरवांच्या द्रव्याने आपण बांधले गेलो आहोत, हा त्या बोलण्याचा भावार्थ. पुढे धर्मराज द्रोणांकडे गेला, कृपाचार्यांकडे गेला, मामा शल्याकडे गेला. चौघांनीही तेच उत्तर दिले.

बघा हं, हे चौघे लबाड नव्हेत. धर्म कोणीकडे आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. तोंडाने आशीर्वाद पांडवांना, आणि बाण मात्र पांडवांवरच! मन एकीकडे आणि हात दुसरीकडे, अशी ही जी फाटाफूट होते, तिला आपल्या मराठीत फार नेमका शब्द आहे. तो शब्द म्हणजे मिंधेपणा. मिंधा मनुष्य चोर नसतो. त्याला लाच दिली असेही म्हणता येत नाही. त्याने कोणाचे तरी खाल्लेले असते, एवढेच. परंतु ते खाल्लेले ऐनवेळी घशाशी येते आणि शब्द अडतो.

या महिन्यात आम्हाला ज्याचे निरूपण करावयाचे आहे तो विषय दूरदेशचा, अमेरिकेचा आहे. तेथे गोरगरिबांना पगाराच्या भरवशावर उसने पैसे देणारा एक मोठा व्यापार चालतो, आणि त्या व्यापाराच्या देणग्या घेऊन तेथील पुढारी निवडणुका लढवतात. कोणी म्हणेल, महाराज, पंढरीच्या वाटेवर ही अमेरिका कुठून आली? तर त्याला दोन कारणे. एक तर आपल्या पुष्कळांची मुलेबाळे तिकडे स्थायिक झाली, नागरिक झाली आणि तिथल्या निवडणुकीत मत देऊ लागली आहेत. आणि दुसरे, व्याज आणि सत्ता यांची सोयरीक जुळली म्हणजे काय होते, हे त्या देशात जितके उघड्यावर दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. देणगीची वही तिकडे लोकांना पाहावयास मिळते.

आधी हे कर्ज कसे असते ते समजून घेऊ. त्याला तिकडे ‘पे-डे लोन’ म्हणतात, म्हणजे पगाराच्या दिवसापर्यंतचे उसने. रक्कम लहान, बहुधा पाचशे डॉलरच्या आत. तारण म्हणून सोने नको, शेत नको. फक्त पुढल्या तारखेचा चेक लिहून द्यावयाचा, नाही तर आपल्या बँकेच्या खात्यात हात घालण्याची परवानगी द्यावयाची. मुदत सुमारे दोन आठवड्यांची. शंभर डॉलरमागे आकार बहुधा पंधरा डॉलर. ऐकणाऱ्याला वाटते, शंभराला पंधरा, एवढे काय ते? अहो, पण ते पंधरा वर्षाचे नव्हेत, पंधरवड्याचे! वर्षात पंधरवडे सव्वीस. पंधरा गुणिले सव्वीस केले की तीनशे नव्वद होतात. म्हणजे दरसाल दरशेकडा जवळजवळ चारशे.

बरे, पंधरा दिवसांनी पगार झाला, पैसे फेडले, मोकळे झालो, असे घडते का? नाही घडत. ज्याला आज शंभर कमी पडले त्याला पंधरा दिवसांनी एकशेपंधरा एकरकमी काढून दिल्यावर महिन्याचे भाडे कुठून द्यावयाचे? म्हणून तो पुन्हा त्याच दाराशी येतो. नुसता आकार भरतो, मुद्दल तसेच ठेवतो आणि नवी मुदत घेतो. अमेरिकन सरकारच्या ग्राहक-वित्त संरक्षण खात्याने २०१४ साली याचा हिशोब काढला. तेव्हा दर दहा कर्जांपैकी आठांहून अधिक कर्जे चौदा दिवसांच्या आत पुन्हा उचललेली किंवा पुढे ढकललेली निघाली. प्यू नावाच्या अभ्याससंस्थेने २०१२ साली दाखवून दिले की, वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास लोक हे कर्ज घेतात. त्यांतला सामान्य ऋणको वर्षातले पाच महिने कर्जात असतो, आणि ३७५ डॉलरच्या उसन्यापायी ५२० डॉलर नुसता आकार भरतो. मुद्दल वेगळे द्यावयाचे ते द्यावयाचेच.

हे दोन आकडे लक्षात ठेवा. ३७५ आणि ५२०. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, आणि पुढे इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्याची न्यायालये हा नियम मानीत असत. त्याच अध्यायात व्याजाचे दर वर्णावर बसवलेले आहेत; तो भाग संतांनी केव्हाच मागे टाकला, आणि आम्हीही त्याची वकिली करीत नाही. परंतु दामदुपटीमागचा विचार मात्र सोन्यासारखा आहे. सावकाराच्या लोभाला कुठे तरी कुंपण पाहिजे, आणि ते कुंपण सावकाराने नव्हे तर राजाने घालावयाचे असते. ३७५ वर ५२० हे कुंपणाच्या पार पलीकडे गेले. यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेत व्याजाला ‘नेशेख’ असा शब्द आहे, आणि त्याच्या धातूचा अर्थ ‘चावणे’ असा आहे. भाषा निराळी, देश निराळा, पण दंश तोच!

आता मुद्द्यावर येऊ. कुंपण राजाने घालावयाचे. पण लोकशाहीत राजा कोण? सभा. तिकडे मध्यवर्ती सभेला काँग्रेस म्हणतात, आणि प्रत्येक राज्याची सभा वेगळी. या सभेत निवडून यावयाचे तर खर्च अफाट, आणि काँग्रेसच्या खालच्या सभागृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी. म्हणजे बिचारा सभासद एक निवडणूक आटोपून घाम पुसतो न पुसतो तोच पुढच्या निवडणुकीची झोळी काढावयाची वेळ येते. कंपनीने मध्यवर्ती निवडणुकीतल्या उमेदवाराला थेट पैसे देणे तेथील कायद्याने मना आहे. परंतु मालक आणि अधिकारी आपापल्या नावाने देणगी देतात, आणि ‘पॅक’ नावाचे देणगीफंड उभारूनही देतात. यात बेकायदा काही नाही. पावती मिळते, नोंद होते.

सज्जनहो, येथे जरा थांबून ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवा. एक गरीब बाई दर पंधरा दिवसांनी सावकाराच्या खिडकीशी येते. मागचे संपलेले नसते, म्हणून पुन्हा उचलते. एक सभासद दर दोन वर्षांनी त्याच सावकाराच्या दाराशी येतो; मागची देणगी खर्चून गेलेली असते, म्हणून पुन्हा उचलतो. दोघेही ऋणको, आणि दोघांचाही धनको एकच. फरक एवढाच की, बाई व्याज पैशात भरते, आणि सभासद ते मौनात भरतो. कर्जदाराला सोडवावयाचे काम ज्याच्याकडे दिले तोच त्या सावकाराचा कर्जदार असला, तर सोडवणार कोण?

दृष्टांतावाचून सिद्धांत ठसत नाही, म्हणून घडलेल्या गोष्टी सांगतो. २०१० साली झालेल्या कायद्याने हे ग्राहक-वित्त संरक्षण खाते स्थापन झाले. कर्ज देण्यापूर्वी, घेणाऱ्याला ते फेडण्याची ऐपत आहे की नाही हे सावकाराने पाहावे, असा नियम त्या खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये केला. नियम काही जगावेगळा नव्हे. आपल्याकडे वाणीसुद्धा उधारी देताना एवढे पाहतो. पण पुढल्याच महिन्यात त्या खात्यावर हंगामी मुख्य म्हणून मिक मुलव्हेनी यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ त्यापूर्वी दक्षिण कॅरोलायनातर्फे काँग्रेसचे सभासद होते, आणि त्या काळात या व्यापाराकडून त्यांना सुमारे साठ हजार डॉलरच्या देणग्या मिळालेल्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये खात्याने जाहीर केले की, या नियमाचा आपण फेरविचार करणार. वर्षाला ४४० पासून ९५० टक्क्यांपर्यंत व्याज घेतल्याचा आरोप असलेल्या चार कंपन्यांवरचा दावाही त्याच महिन्यात मागे घेतला गेला. मुलव्हेनी गेले, दुसरे मुख्य आले, आणि जुलै २०२० मध्ये ऐपत पाहण्याचे ते कलम रद्द झाले. एका खात्यातून वारंवार पैसे ओढण्यास आळा घालणारी कलमे तेवढी उरली होती. त्यांच्या अंमलबजावणीला आपण प्राधान्य देणार नाही, असे त्या खात्याने मार्च २०२५ मध्ये सांगून टाकले.

देणगी घेतली म्हणूनच मुलव्हेनींनी असे केले, असे आम्ही म्हणणार नाही. कोणाच्या मनात शिरून पाहण्याची विद्या आम्हाला येत नाही. परंतु एप्रिल २०१८ मध्ये बँकवाल्यांच्या परिषदेत ते स्वतः जे बोलले ते जगजाहीर आहे. काँग्रेसमध्ये असताना आपल्या कचेरीत एक क्रम असे, असे त्यांनी सांगितले. धनवंतांचे जे मध्यस्थ काम घेऊन येत, त्यांपैकी ज्याने कधी पैसा दिला नाही त्याच्याशी आपण बोलत नसू. ज्याने दिला त्याच्याशी कदाचित बोलत असू. मात्र आपल्या मतदारसंघातला माणूस येऊन बसला तर पैसा दिला न दिला तरी त्याला भेटत असू, हेही त्यांनी जोडले; आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. तरीपण विचार करा. मतदारसंघ दक्षिण कॅरोलायनात, कचेरी राजधानीत. दोन-दोन नोकऱ्या करून भाडे भरणारी ऋणको बाई शेकडो मैलांवर त्या कचेरीत जाऊन बसणार केव्हा? आणि मध्यस्थ तर रोज दाराशीच उभा. पितामहांनी आपले बंधन सांगितले ते लाजेने सांगितले. येथे तेच बंधन एखाद्या कचेरीच्या शिस्तीसारखे सांगितले गेले. युगाचा फरक आहे तो एवढाच!

कोणी समजेल की, हा एकाच पक्षाचा दोष. तसे नाही. मुलव्हेनी रिपब्लिकन. फ्लॉरिडाच्या डेबी वॉसरमन शुल्ट्झ या डेमोक्रॅटिक पक्षाच्या, आणि २०१५-१६ साली त्या पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या प्रमुख. या व्यापाराच्या हजारो डॉलरच्या देणग्या त्यांनीही घेतल्या होत्या, आणि वरचा नियम तयार होत असता तो लांबणीवर टाकणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. लोकांनी ‘कर्जाच्या सापळ्याची डेबी’ असे नाव ठेवले. पुढची निवडणूक समोर आली आणि जून २०१६ मध्ये त्यांनी आपली भूमिका बदलली, नियमाच्या बाजूने झाल्या. बदलल्या ते चांगलेच केले. पण लोकांचा बोभाटा कानाशी आल्यावरच पावले वळली, हे विसरू नये.

जो मिंधा होत नाही त्याचे काय होते, तेही सांगतो. यूटा राज्यात ब्रॅड डॉ नावाचे आमदार होते. रिपब्लिकनच. त्यांनी या कर्जांना लगाम घालणारे विधेयक आणले होते. २०१२ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध घरोघर पत्रके आली, आणि ते पडले. पत्रके कोणाची ते तेव्हा कळले नाही. पुढे त्या राज्याच्या विधिमंडळाच्या चौकशी समितीने २०१४ मध्ये उजेडात आणले की, त्यामागे याच कर्जव्यवसायाचा पैसा निरनिराळ्या संस्थांच्या नावाखाली फिरवून आणलेला होता. डॉ त्याच वर्षी पुन्हा निवडून आले, हा भाग वेगळा. पण मधल्या काळात सभेतल्या बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल? उघड देणगी हा एक दोर. आणि देणगी न घेणाऱ्याच्या पाठीत गुपचूप वार, हा दुसरा दोर. एकाने हात बांधतात, दुसऱ्याने तोंड.

येथे काही शंका उत्पन्न होतात. त्यांचे समाधान केल्यावाचून पुढे जाणे बरे नाही.

पहिली शंका अशी की, निवडणुकीला पैसा लागतोच, मग तो कोणाकडून तरी घ्यावा लागणारच. यात पाप ते काय? उत्तर : पैसा लागतो हे खरे. पण ज्याचा न्याय आपण करावयाचा आहे त्याच्याकडून घेऊ नये, एवढी मर्यादा तर कोणासही कळते. कुस्तीच्या पंचाने फडातल्या एका मल्लाच्या घरी जेवून फडावर यावे का? त्याने निकाल खरा दिला तरी लोक म्हणणार, जेवून आला होता!

दुसरी शंका : देणगी घेणारा सभासद मनापासूनच त्या मताचा असेल. माणसाने कसले करार करावेत यात सरकारने पडू नये, असे मानणारे प्रामाणिक लोकही असतात. उत्तर : असतील, जरूर असतील. पण मिंधेपणाची हानी याच ठिकाणी सर्वांत मोठी आहे. द्रव्य घेतल्यावर त्याचे खरे मतसुद्धा खरे राहत नाही. तो सत्य बोलला तरी ते सत्य विकत घेतलेले वाटते. सभासदाची सगळी मालमत्ता म्हणजे त्याच्या शब्दावरचा विश्वास, आणि तीच तो गहाण टाकतो.

तिसरी शंका सर्वांत जड आहे : हा धंदा बंद केला तर अडल्या गरिबाने जावे कुठे? उत्तर : आधी हे पाहा की तो तेथे कशासाठी जातो. प्यूच्याच अभ्यासात असे निघाले की, पहिले कर्ज घेणाऱ्या शंभरांपैकी एकोणसत्तर जणांनी ते नेहमीच्याच खर्चासाठी घेतले होते. भाडे, दिव्याचे बिल, किराणा, जुनी देणी. अकस्मात आलेल्या संकटासाठी घेणारे अवघे सोळा. म्हणजे पोट भरण्याइतका पगार नाही, हे मूळ दुखणे; आणि त्यावर चारशे टक्क्यांचे औषध! शिवाय रास्त व्याजाने लहान कर्ज देता येतच नाही, असेही नाही. तिकडच्या सहकारी पतपेढ्यांना २०१० पासून अशी लहान कर्जे २८ टक्क्यांच्या आत देण्याची सोय सरकारने केलेली आहे. आणखी एक. सैनिकांच्या छावण्यांभोवती ही दुकाने दाट झाली, शिपाई कर्जाने खंगू लागले, तेव्हा काँग्रेसने २००६ साली कायदा करून सैनिकांपुरती ३६ टक्क्यांची मर्यादा घातली. शिपायाला जे विष ते त्याच्या गावी राहिलेल्या आईला अमृत कसे? सभेला कळत नव्हते असे नाही. कळत होते, शिपायापुरते कळले!

असो. आता याची दुसरी बाजू ऐका, म्हणजे मन खट्टू होणार नाही. तिकडे कित्येक राज्यांत अशी रीत आहे की, ठराविक सह्या गोळा केल्या तर एखादा कायदा थेट लोकांच्या मताला टाकता येतो. सभेत जे विधेयक वर्षानुवर्षे कुजत पडले ते लोकांपुढे गेले तेव्हा काय झाले? मोंटाना राज्यात २०१० साली व्याजाला ३६ टक्क्यांचे कुंपण घालण्यास शंभरांपैकी सुमारे बहात्तरांनी होकार दिला. कोलोराडोत २०१८ साली सुमारे सत्त्याहत्तरांनी. नेब्रास्कात २०२० साली सुमारे त्र्याऐंशींनी.

साउथ डकोटाची कथा तर मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. तेथे या कामी दोन माणसे पुढे झाली. एक स्टीव्ह हिकी, चर्चचे पाद्री आणि रिपब्लिकन आमदार. दुसरे स्टीव्ह हिल्डेब्रँड, ओबामांच्या निवडणुकीचे एक प्रमुख कार्यकर्ते. एरवी एकाचे मत पूर्वेकडे तर दुसऱ्याचे पश्चिमेकडे. पण गरिबाच्या गळ्यातला फास दोघांनाही दिसला. सावकारांनी काय युक्ती केली पाहा! त्याच निवडणुकीत आपलाही एक ठराव मतास टाकला : व्याज अठरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. वाचणाऱ्याला वाटावे, छत्तीसापेक्षा अठरा बरे! पण शेपटीला अट जोडलेली, की ऋणकोने लेखी मान्य केले तर मात्र कितीही. अडलेला मनुष्य कशावर सही करीत नाही? लोकांनी ती शेपटी ओळखली. नोव्हेंबर २०१६ मध्ये सावकारांचा ठराव पडला, आणि ३६ टक्क्यांचा ठराव शंभरांत सुमारे शहात्तर मतांनी पास झाला. त्याच दिवशी त्याच लोकांनी अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला भरघोस मते दिली होती. म्हणजे हा पक्षाचा प्रश्नच नव्हे. जनतेच्या मनात निवाडा केव्हाच झालेला आहे. तो सभेच्या उंबऱ्यावर अडतो, कारण उंबऱ्यावर देणगीची थैली ठेवलेली असते.

पण लोकांचा कौल एकदा मिळाला म्हणजे काम संपले असेही नाही. ओहायो राज्यात २००८ साली २८ टक्क्यांचा कायदा झाला. सावकारांनी तो उलथण्यासाठी कोटीहून अधिक डॉलर खर्चून लोकमत मागितले, तरी शंभरांत सुमारे चौसष्ट लोक कायद्याच्या बाजूने राहिले. मग सावकारांनी काय केले? दुसऱ्याच जातीच्या कर्जांसाठी असलेल्या जुन्या कायद्यांचे परवाने काढले आणि तोच धंदा नव्या पाटीखाली चालवला. पुढे पुढे त्या राज्यातला सामान्य दर ५९१ टक्क्यांवर गेल्याचे प्यूने दाखवले. सभा दहा वर्षे बघत बसली. २०१७ च्या मार्चमध्ये एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, काइल कोलर आणि माइक ॲशफोर्ड, या दोघांनी मिळून ही पळवाट बुजवणारे विधेयक आणले, ते वर्षभर पडून राहिले. मग एप्रिल २०१८ मध्ये एकाएकी सभापतींनी राजीनामा दिला. लंडनच्या एका सफरीत या धंद्याचे मध्यस्थ त्यांच्याबरोबर होते, आणि त्याविषयी केंद्रीय पोलीस चौकशी करीत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपण सारे कायद्याला धरूनच केले, असे सभापतींचे म्हणणे होते. ते असेल तसे असो. पण सभापती गेल्यावर काही आठवड्यांतच ते विधेयक हलले आणि ३० जुलै २०१८ रोजी राज्यपालांची सही होऊन कायदा झाला. त्यात व्याज आणि सगळे आकार मिळून मुद्दलाच्या साठ टक्क्यांवर जाऊ नयेत असे कलम आहे. दामदुपटीपेक्षाही कडक!

आता सभापर्वाकडे चला. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला तेव्हा सगळे माना खाली घालून बसले. तेव्हा विदुराने प्रल्हादाची एक जुनी कथा सांगितली. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा नावाचा ब्राह्मण यांचा वाद लागला, पैज प्राणांची, आणि न्याय करावयाचा प्रल्हादाने. एका पारड्यात पोटचा पोर! प्रल्हादाने कश्यप ऋषींना विचारले की, सभेत जाणून खोटे बोलले, किंवा गप्प बसले, तर काय होते? कश्यपांनी पापाची वाटणी सांगितली. सभेत अधर्म घडत असता त्याची निंदा झाली नाही, तर अर्धे पाप सभेच्या मुख्याला लागते, चौथाई करणाऱ्याला, आणि चौथाई गप्प बसणाऱ्या सभासदांना. ऐकलेत? करणाऱ्याला चौथाईच! सावकार लोभी आहे, तो त्याचा स्वभाव. त्याचा वाटा चौथा. बाकीचे तीन वाटे सभेचे. प्रल्हादाने हे ऐकले आणि निकाल पोराच्या विरुद्ध दिला. त्याच्या सत्याने संतुष्ट होऊन सुधन्व्याने पोराचे प्राण सोडून दिले. पुत्रप्रेमाएवढा मोठा मिंधेपणा जगात नाही. तोही प्रल्हादाने तोडला. देणगीची काय कथा?

आमच्या तुकोबारायांनी तर दोन्ही दोर तोडून दाखवले. घर महाजनकीचे. दुष्काळात घरची वाताहत झाली, पण लोकांकडचे येणे कागदावर शिल्लक होते. त्यांनी खते काढली, निम्मी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दुसऱ्याला आपल्या कर्जात ठेवण्याचा अधिकार त्यांनी सोडला, हा एक त्याग. आणि पुढे शिवछत्रपतींनी पाठवलेला नजराणा परत केला, हा दुसरा. म्हणजे कोणाच्या ऋणात जाण्याचेही नाकारले. म्हणून तर ते कोणाचीही भीड न धरता बोलू शकले. कीर्तनकाराने कीर्तनाचा मोबदला घेऊ नये हा संप्रदायाचा दंडक आहे, तोही याचसाठी. ते वैराग्याचे प्रदर्शन नव्हे. ती जिभेची राखण आहे.

आम्हाला याचा एक अनुभव आहे. एका गावी सप्ताहाचा सगळा खर्च व्याजबट्टा करणाऱ्या एका गृहस्थांनी उचलला होता. कीर्तनाआधी तासभर त्यांचा माणूस येऊन हळूच सांगून गेला, “महाराज, तेवढे खते बुडवण्याचे प्रकरण आज नको.” आम्ही म्हटले, “बाबा, नारळाखेरीज आम्ही येथले काही घेणार नाही, तेव्हा चिंता करू नका. तुमचे काही लागत नाही आणि आमचे काही अडत नाही.” आख्यान लावले, आणि ते गृहस्थ शेवटपर्यंत बसून होते. खर्च त्यांनी प्रामाणिक भक्तीनेच केला असेल. पण पैशामागून निरोप आलाच!

हा निरोप अमेरिकेतच येतो असे कोणी समजू नये. १८७५ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुपे गावी, गांजलेल्या कुळांनी सावकारांच्या घरांतून खते बाहेर काढून जाळली. तेव्हा कुठे चार वर्षांनी सरकारचा कायदा आला. देणगीदाराचे नाव लोकांपासून झाकून ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना आपल्याही देशात २०१८ पासून चालली होती. ती घटनेविरुद्ध ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली. आणि आता तर हातातल्या फोनवरच चुटकीसरशी कर्ज देणारे सावकार आपल्या पोरांच्या खिशापर्यंत येऊन पोहोचले आहेत. तेव्हा तिकडची गोष्ट ऐकून इकडे हसण्याचे कारण नाही.

मग आपण काय करावे? जे तिकडे आहेत त्यांनी मत देण्यापूर्वी देणग्यांची वही पाहावी. ती सर्वांना खुली आहे. उमेदवार दाराशी आला म्हणजे त्याला पक्ष विचारण्याआधी हे विचारावे, “कोणाचे खाऊन आलात?” आणि जे इकडे आहेत त्यांनीही हाच प्रश्न विचारावा, मग तो ग्रामपंचायतीचा उमेदवार असो की दिंडीला मंडप देणारा पुढारी असो. विचारण्याचा अधिकार मात्र त्यालाच, ज्याने स्वतः मताच्या आदल्या रात्री पाकीट घेतलेले नाही. मत विकणारा मतदार आणि मत विकणारा सभासद हे एकाच दोराने बांधलेले आहेत.

शेवटी एवढेच. मनुष्य जन्माला येतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊन. ती फेडता फेडताच आयुष्य पुरत नाही. त्यावर आणखी चौथे, तोंड बंद करणारे ऋण कशाला घ्यावे? ज्याला कोणाचे मिंधे व्हावयाचेच असेल त्याने त्या विटेवर उभ्या असलेल्याचे व्हावे. तो कर कटावर ठेवून उभा आहे. हात पुढे करीत नाही, काही मागत नाही आणि गप्प बस असा निरोपही पाठवत नाही.

बोला, पुंडलिकवरदे हारि विठ्ठल!